चौकटीचे बाण

आमच्या घरी दार वाजलं की मी आतूनच सांगते, "आई घरी नाहीये." आई शेजारी उभी असली तरी! (अनोळखी माणसाशी न अडखळता मला एवढंच वाक्य बोलता येतं.) त्यामुळे नसलेलं दार वाजू लागलं, तेव्हा सगळ्यात जास्त पंचाईत माझी झाली.

रविवारी जिल्हा संघाची तिरंदाजीची निवड होती. आमच्या गटात लाकडी बाणच चालतात आणि माझे सरावात मोडले होते. (कशावर आदळून, ते सांगत नाही. शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आता गळत नाही.)

"मीच बनवतो ना!" बाबा म्हणाले. निवृत्तीनंतर त्यांचे हात शिवशिवतच होते. मागची स्कूटरची खोली वर्कशॉप झाली. लाकूड आलं दाराच्या एका जुन्या सागवानी चौकटीचं. खाणीसाठी उठवलेल्या गावातल्या कुणाच्या तरी घराची ती चौकट. गाव गेलं, घर गेलं, चौकट उरली. बाबांनी ती चिरून पट्ट्या काढल्या, रंध्यानं गोल केल्या, घासल्या आणि टेबलावरच्या काचेवर घरंगळवून पाहिल्या. काडी सरळ असेल तर मुकाट जाते, वाकडी असेल तर टकटक वाजते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा पलंगावर घोरत होते. वर्कशॉपला कुलूप. आणि आतून आवाज आला. टक. टक टक.

आईनं भाजी चिरणं थांबवलं. "तुझा बाप त इथी झोपून हाये. मंग तिथी कोन हाये?"

"उंदीर असेल."

"उंदीर दार ठोकते काय वं?"

कुलूप काढलं. आत कुणी नाही. जमिनीवरच्या भुशात पाऊलही नाही. काचेवरच्या काड्या मात्र जागा बदलून बसलेल्या!

मग रोज दुपारी तेच. आईचा चेहरा उतरत गेला. "ज्याच्या घरची चौकट, तेच लोकं ठोकून राह्यले. आत येऊ पाह्यते. सारे बाण चुलीत घाला!"

"पोरीची रविवारी निवड हाये, अन् तुले चूल सुचून राह्यली?" बाबा ओरडले. (मी घाबरले की माझ्या अंगात इंग्रजी शाळा संचारते. वैज्ञानिक कारण असणार, असं मी मनात म्हणत होते. इंग्रजीत, आणि डोळे मिटून.)

शेवटी मुलचेऱ्याची मावशी बसनं आली. भुताखेतांतली आमच्या खानदानाची तज्ज्ञ! नारळ, लिंबं, सगळा सरंजाम घेऊन.

"ज्याचे बाण, त्यानंच विचारा लागते," तिनं निकाल दिला. "जाय आत. काऊन आले, काय पाह्यजे, नीट विचार. नाई त बाण चुलीत."

"मावशी, मला अनोळखी लोकांशी..."

"तेयले बी तू अनोळखीच हायेस!"

मला आत ढकललं. खोलीत सागाचा वास, भुसा, आणि काचेवर चौकटीच्या काड्या. मी त्यांच्याकडे पाहत होते. एक काडी हलली. टक. टक टक.

"एक्सक्यूज मी," मी म्हणाले.

त्याच क्षणी बाहेर मावशीची किंकाळी! "जमीन हालून राह्यली वं माय! पळा!" मावशी रस्त्यावर, लिंबं अंगणभर, नारळ गटारात.

"अवं, काई नाई," आई शांतपणे म्हणाली. "खाणीतलं ब्लास्टिंग हाये ते. रोजच होते दुपारी. आमाले त समजतबी नाई आता."

मग आई बाबांकडे पाहू लागली. बाबा काचेकडे. गाव गिळलेली खाणच त्या गावची चौकट वाजवत होती. बाण वाचले.

रविवारी सकाळी मी ते घ्यायला वर्कशॉपमध्ये गेले. सरळ बाण बाबांनी भात्यात भरले होते. काचेवर एकटी वाकडी काडी. मी भाता उचलला.

टक. टक टक.

रविवारी खाण बंद असते.

"आई घरी नाहीये," मी म्हणाले. आवाज थांबला.

निवडीत माझं नाव आलं. प्रशिक्षकांनी सगळ्यांना सांगितलं, "हिच्याकडून शिका. बाण सोडताना हात जरासुद्धा हलत नाही!"

हलेल कसा? सकाळपासून आखडलेलाच होता.