दाराशेजारची तारीख

माझ्या आधी गावोगाव हिंडणाऱ्या सरकारी माणसाला लोक 'देवीवाला' म्हणत, कारण तो देवीची लस टोचायचा. देवी हटत आली आणि मी आलो तो 'मलेरियावाला' होऊन. पुढे कागदावर आरोग्यसेवक, मग निरीक्षक. नावं बदलली, काम तेच. पंधरा दिवसांनी घरोघर जायचं, कुणाला ताप असला तर बोटाचं रक्त काचेवर घ्यायचं आणि दाराशेजारी गेरूने आखलेल्या चौकटीत पेन्सिलने तारीख टाकायची. वरचे साहेब माणसांना विचारत नसत, भिंत बघत. म्हणून मीही भिंतच सांभाळायला शिकलो.

नोकरीला वर्षही झालं नव्हतं आणि दुष्काळ पडला. माझा भाग कंधारकडचा. तिथली माणसं सकाळीच दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. ऊन मी म्हणायचं. कडी लावलेल्या घरांवर नुसती तारीख टाकून मी पुढे सटकायचो.

अशाच एका दारी पेन्सिल टेकवली आणि आतून क्षीण आवाज आला, "आलास का लेकरा? मागच्या खेपंलाबी पेन्सिल वाजली. म्या हाक मारली. तू गेलास."

आत म्हातारी तापाने फणफणली होती. कुत्री शिरू नयेत म्हणून मुलगा बाहेरून कडी घालून कामावर जाई. मी रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. चार दिवसांनी ती गेली.

साहेब चौकशीला आले तेव्हा मुलाने भिंतीवर बोट ठेवलं. "ह्ये बघा, मानूस टायमावर येत हुता. आमचंच नशीब." मी खाली मान घालून उभा. लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा बढती घेऊन मी शिरूर अनंतपाळकडे गेलो. आता दुसऱ्यांच्या तारखा तपासणं माझ्याकडे आलं. बंद दार दिसलं की मी हाक मारायचो. साहेब रिकाम्या घरांशी बोलतात, म्हणून हाताखालचे लोक हसायचे.

निवृत्त झाल्यावर एकदाचा त्या म्हातारीच्या घरी गेलो. भिंतीला नवा चुना होता, चौकट तेवढी सोडलेली. मुलाचे केस पिकले होते. "मायच्या टायमाची हाय. ती गेल्यावर हिच्यात कुनाला लिवू दिलं न्हाई," तो म्हणाला.

"यातली शेवटून दुसरी तारीख खोटी आहे." एवढं बोलायला मला सगळी नोकरी लागली.

"ठावं हाय. मायनंच सांगितलं हुतं. म्हनली, त्या लेकराची नोकरी नवी हाय, साहेबाला बोलू नगंस."

त्याने बाज टाकली. मला बसवेना.