लिस्बन उजवीकडे, व्हेनिस डावीकडे

“दाव्या वटेच्या गांवाचें नांव परत एकदां सांग रे,” गुरव गाभाऱ्यातून म्हणाला. “देवाक चुकीचें सांगल्यार म्हजेर येतलें.”

“व्हेनिस,” मी म्हटलं.

मी तेव्हा डिचोलीत एका ट्रॅव्हल एजन्सीची शाखा सांभाळत होतो. शाखा म्हणजे एक टेबल, एक फोन आणि भिंतीवर एअरलाईन्सची फुकटची कॅलेंडरं. युरोपला निघालेली माझी पहिलीच पार्टी म्हणजे कारापूरचे पुंडलिकबाब आणि त्यांची बायको शालनवहिनी. पुंडलिकबाबांचे ट्रक खाणीवर चालायचे. पावसात खाण बंद, ट्रक दारात उभे. म्हणून मी मोठ्या अक्कलहुशारीने श्रावणातली तिकिटं होल्डवर टाकली, लिस्बन आणि व्हेनिस, दोन्ही शहरांची. होल्ड म्हणजे एसटीच्या सीटवर रुमाल टाकणं. फक्त हा रुमाल संध्याकाळी आपोआप उडून जातो.

दोन शहरं, कारण नवराबायकोचं जमेना. दोन्ही जुनी बंदरं. एकाने आमच्यावर राज्य केलं, दुसऱ्याने आमच्याकडची मिरी विकून खाल्ली. पुंडलिकबाब पोर्तुगीज शाळेत प्रिमेर ग्राव, म्हणजे प्राथमिक शाळेचा पहिला टप्पा, शिकलेले. पोर्तुगालच्या नद्या मास्तरांनी छडीने पाठ करून घेतलेल्या. “इतलो मार खाल्ला, ती न्हंय एकदां पळोवंक नाका?” ती नदी बघायला लिस्बन, हा त्यांचा मुद्दा.

वहिनींनी माझ्या कॅलेंडरवर व्हेनिसचा फोटो पाहिला होता. घराच्या पायरीला पाणी लागलेलं. त्यांनी विचारलं, “हांगा ट्रक खंयच्यान येता?”

“येतच नाही वहिनी. रस्ताच नाही.”

त्यांनी फोटोवरून पदर फिरवला. “लग्न जाल्ल्या दिसाधरून ट्रकाची तांबडी धूळ पुसतां हांव. भांड्यांर, कपड्यांर, देवाच्या फोटोर. ट्रक नाशिल्लो गांव म्हाका मरचे आदीं एकदां पळोवपाचो आसा.” मला वाईट वाटलं. पण तिकिटाचे पैसे नवऱ्याच्या खिशातून जाणार होते.

शेवटी कौल लावायचं ठरलं. पणजीहून एजन्सीच्या साहेबांचा फोन आला.

“शहर ठरलं?”

“नाही सर. विचारायला चाललेत.”

“कोणाला?”

“देवाला.”

“देवाला सांग, होल्ड संध्याकाळी सुटतो. आणि तू पण जा. नाव घेतल्याशिवाय येऊ नकोस.”

कौल म्हणजे ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. जी बाजू आधी पडेल, ते उत्तर. देऊळ लहानसं. उंबऱ्यावर बसलेल्या यजमानापासून, म्हणजे पुंडलिकबाबांपासून, मूर्ती हाताच्या अंतरावर. गुरवाने पंखा बंद केला आणि गाऱ्हाणं घातलं, “रे बा देवा म्हाराजा! हो तुजो पुंडलीक बायलेक घेवन साता समुद्रापलतडी वता. उजव्यान दिल्यार लिस्बन, दाव्यान दिल्यार व्हेनिस. खरें तें सांग रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही ओरडलो.

पाकळी हलेना. एक अख्खी उदबत्ती संपली.

“देव उलयना म्हणजे प्रस्नच चुकला,” गुरव म्हणाला. “वतात केन्ना?”

मी तारीख सांगितली. वहिनींनी कपाळावर हात मारला. “अहो, तेन्ना भजनी सप्तक! आमचो पार!”

श्रावणातल्या सप्ताहात भजन अखंड चालतं. घराणी पाळीपाळीने टाळ हाती घेतात. त्या पाळीला पार म्हणतात. पुंडलिकबाबांच्या घराण्याचा पार कधी चुकला नव्हता, आणि मी तो माझ्या होल्डपायी चुकवायला निघालो होतो. पुंडलिकबाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की तारीख मी जागच्या जागी आषाढात आणली.

पुन्हा पाकळ्या, पुन्हा गाऱ्हाणं. आता पुंडलिकबाबांना राहवेना. देवाला आपली बाजू कळावी म्हणून ते पुढे वाकले आणि छातीत हवा भरून शाळेतल्या नद्या म्हणू लागले, “मिन्यु! दोरु! मोंदेगु! तेजु!”

तेजुला डावी पाकळी उडाली.

“व्हेनिस,” गुरव अगदी गंभीरपणे म्हणाला.

पुंडलिकबाब तोंड उघडं ठेवून बसले. एक नदी अजून तोंडातच होती. वहिनींनी पदर तोंडात कोंबला. मी आषाढातली तिकिटं पक्की करायला फोन शोधत धावलो.

व्हेनिसहून परत आल्यावर दोघं माझ्या ऑफिसात आली. “सकाळीं उठून सवयीन जनेल पुसलें,” वहिनी तिथल्या खिडकीबद्दल म्हणाल्या. “फडको धवोच्या धवो, तांबडी धूळ ना. म्हाका रडूंच आयलें रे.” पुंडलिकबाब मात्र घुश्शात होते. “सिमिटाचीं पोतींय होडयेंतल्यान वतात थंय! ट्रकवाल्याक कोण विचारना!”

दुसऱ्या वर्षी लिस्बनला जायचं की घरीच बसायचं, असा कौल लावला. या वेळी गुरवाने पुंडलिकबाबांना थेट मागच्या खांबाकडे उभं केलं. उंबऱ्यावर वहिनी बसल्या. उजवीकडे लिस्बन. गाऱ्हाणं संपलं आणि वहिनींना एकाएकी जोराचा खोकला आला. जराशा उजव्या पाकळीकडे वळून खोकल्या. पाकळी उडाली.

धंद्यात मी एवढंच शिकलो. गिऱ्हाइकाला शहर विचारण्याआधी त्याच्या गावचा उत्सव विचारावा. आणि होल्ड टाकण्याआधी उंबऱ्यावर कोण बसणार आहे, ते विचारावं.