शेजारची ऊब

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘फुंकरबाई’ म्हणत. तिच्या टेबलाजवळ कुणी नुसतं शिंकलं तरी ती डोळे वटारायची. ती ऊब ओळखणारी इवलीशी यंत्रं घडवायची. चिपवर कोरलेला खळगा आणि त्यावर दोन बारीक बाहूंनी तोललेला, केसाहून कितीतरी पातळ पडदा. समोर हात आला की त्यातून निघणाऱ्या अवरक्त किरणांनी पडदा किंचित तापायचा आणि बाहूंत वीज उमटायची. जोराची फुंकर बसली की सगळं होत्याचं नव्हतं.

बाहू लांब आणि बारीक ठेवले तर ऊब पडद्यात टिकते, पण मग ते मोडतात. या ओढाताणीत तिची उमेदीची वर्षं गेली. शेवटी एक चिप जमली. पडदा आणि मोजणी करणारं सर्किट, दोन्ही एकाच तुकड्यावर. आकडे इतके झकास आले की सरांनी, म्हणजे तिच्या विभागप्रमुखांनी, लगेच उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मंडळींना प्रात्यक्षिकाला बोलावलं.

आदल्या दुपारी तिने हाताऐवजी थंडगार पुठ्ठा समोर धरून मोजणी सुरू केली. आकडा चढायला नको होता. तो जवळजवळ तेवढाच चढला. मोजणी सुरू केली की सर्किटही कामाला लागायचं, तापायचं, ती ऊब पडद्याला लागायची आणि श्रेय मात्र हाताला जायचं.

ती सरळ सरांच्या खोलीत गेली.

“सर, उद्याचं रद्द करायला हवं.” तिने सगळं सांगितलं.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “उद्या दाखवून टाकू. दुरुस्ती मागाहून.”

“मग मी येणार नाही. आणि कुणी विचारलं तर खरं तेच सांगेन.”

“आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेयस तू.”

“धोंडा आधीच पडलाय सर. आपल्याला आत्ता दिसला, एवढंच.”

सरांनी तब्येतीचं कारण सांगून प्रात्यक्षिक रद्द केलं. तिचे दोन सहकारी दुसऱ्या कामाला लावले आणि तिच्याशी बोलणंच टाकलं. घरी तिने आईला हकीकत सांगितली, तेव्हा आई हसत सुटली. “म्हणजे ताप स्वतःला, आणि म्हणते पाहुण्याला आलाय!” तिलाही हसू आलं, पण जेवण काही गेलं नाही.

पुढच्या चिपवर तिने सर्किट दूर सरकवलं आणि पडद्याशेजारी त्याचंच जुळं भावंड बसवलं, वर धातूचं झाकण घालून. चिपची ऊब दोघांनाही सारखी लागायची, हात मात्र एकालाच दिसायचा. एकातून दुसरं वजा केलं की उरे ते खरं. ते पूर्वीच्या आकड्याच्या मानाने अगदीच किरकोळ होतं, पण समोर माणूस आहे की नाही हे ओळखायला पुरेसं.

कारखान्याची मंडळी पुन्हा आली. त्यांच्यातल्या एकाने विचारलंच, “मागे तर तुम्ही बरंच जास्त सांगितलं होतंत?”

“तो आकडा चुकीचा होता,” सर तिच्याकडे न बघता म्हणाले. “हिने पकडला.”

काम मंजूर झालं. रिकाम्या खोल्यांतले दिवे आपोआप बंद करणाऱ्या उपकरणांत ती चिप जाऊ लागली. सर आणि ती पुन्हा बोलू लागले, कामापुरतं. मोकळेपणा काही परतला नाही, आणि तो परतावा म्हणून दोघांपैकी कुणी खटपटही केली नाही.