कान धरलेले गृहस्थ

नव्वद साली मी वर्षभर तंजावुरात नोकरीला होते. तिथल्या सकाळी मला अजून अर्धवट झोपेत पाहिल्यासारख्या आठवतात. धुकं, दारोदारी ओली रांगोळी, आणि बोळाच्या तोंडाशी पिळ्ळैयारसमोर, म्हणजे तिथल्या गणपतीसमोर, उलट्या हातांनी कान धरलेले एक म्हातारे गृहस्थ. त्या देवापुढे उठाबशा काढायची तिकडे रीतच आहे. ते रोज बारा काढत, पाण्यावर फूल खालीवर व्हावं इतक्या संथपणे.

थंडीत बाराच्या एकवीस झाल्या, पण उठताना ते खांब धरू लागले. एकदा बसले ते उठेनातच. मी हात दिला.

"मांड्या भरून येतात, अम्मा," ते आपल्या जुन्या, तंजावुरी वळणाच्या मराठीत म्हणाले. "पिळ्ळैयार कोपला आहे. म्हणून वाढवल्या."

"नवं औषध काही सुरू केलंत का?"

"कोलेस्टेरॉलची गोळी. मुलगा अमेरिकेहून धाडतो."

माझ्या वडिलांच्या मांड्या अशाच गोळीनं धरल्या होत्या. मी चिडलेच. "अहो, मग देवाला काय विचारता? डॉक्टरांना विचारा!" आणि त्यांना रिक्षात घालून घेऊन गेले. रक्त तपासलं. गोळीनं स्नायूंना इजा झाली होती, त्यात या उठाबशांची भर. गोळी बंद झाली.

दोन महिन्यांनी ते पुन्हा तिथंच दिसले. कान धरून तीनच काढल्या, अगदी सावकाश.

"आता बरं वाटतंय ना? मग या कशाला?"

"माझ्यासाठी नव्हेत या," मूर्तीकडे बघत ते हळूच म्हणाले. "दोष गोळीचा होता, अम्मा. आळ मी त्याच्यावर घेतला."