पायाळू तुळसा आणि धाकूची पाठ

तुळसा जन्मली ती पायांनी. आधी पाय बाहेर आले आणि डोकं सगळ्यात शेवटी. सुईणीने घाम पुसत तिच्या आईला चार शब्द सुनावले आणि मग म्हणाली, नशीब काढलंस, पोरगी पायाळू आहे. अशा उलट्या जन्मलेल्या माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, ही आपल्याकडची जुनी समजूत. त्यामुळे शीळफाट्याच्या अलीकडच्या त्या गावात लोक तान्ह्या तुळसाला उचलून तिची पावलं आपापल्या कंबरेला टेकवून घ्यायचे. पोरीला धड उभं राहता येत नव्हतं, पण तिची प्रॅक्टिस सुरू झाली होती.

लग्न होऊन ती शेजारच्याच गावात धाकूच्या घरी आली, तेव्हा तिची सासू शेजारणींना सांगत सुटली, मी सून नाय आनली, दवाखाना आनलाय. तेव्हापासून दर रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर माणसं येऊ लागली. भात झोडताना कंबर धरलेली, मिठाची पाटी उचलताना चमक भरलेली. पुढे भातशेती गेली, मिठागरं गेली, शेतांवर वीस-वीस मजल्यांचे टॉवर उभे राहिले. पण कंबरा दुखायच्या थांबल्या नाहीत. टॉवरमधले लोक गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून, कोणी ओळखीचं बघत नाही ना याची खात्री करून ओट्यावर चढायचे. पाहुणा भिंतीला हात लावून वाकायचा आणि तुळसा डावा पाय त्याच्या पाठीला तीनदा लावायची. लाथ म्हणायची ती आपली पद्धत, बाकी मांजरसुद्धा याहून जोरात पाय देतं. बदल्यात ती काहीच घ्यायची नाही. फार तर कोणी नारळ ठेवला तर त्याची चटणी व्हायची.

बहुतेक लोक आठ-दहा दिवसांत बरे होत आणि येऊन सांगत. जे बरे होत नसत ते परत येत नसत, आणि न आलेल्यांचा विचार करत बसायची कोणाला सवय असते? तुळसालाही नव्हती.

मुलाचं, मितेशचं लग्न झालं आणि योगिनी घरात आली. कल्याणची, मूळ साताऱ्याकडच्या घरातली, डोंबिवलीत हाडांच्या एका डॉक्टरांकडे नावं नोंदवायच्या टेबलाशी बसणारी. खड्ड्यांतून स्कूटर हाणून एकदा तिचीही कंबर धरली. तिने सासूकडून मुकाट्याने पाय लावून घेतला आणि मग आपल्या खोलीत जाऊन चटईवर डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम केले. आठवड्याने ती बरी झाली.

"बरी झालीस ती कोनामुलं?" तुळसाने भाकरी थापता थापता विचारलं.

"दोन्हींमुळे, आई," योगिनी म्हणाली. पोरगी हुशार. पुढे तिने सहज सांगितलं की त्यांचे डॉक्टर पाठ बघायच्या आधी प्रत्येकाला काही गोष्टी विचारतात. आडवं झाल्यावर आराम पडतो की रात्री जास्त दुखतं? ताप येतो का? वजन उतरलंय का? पायात मुंग्या येतात का, लघवीला त्रास आहे का? यातलं काही नसलं तर घाबरायचं नाही, हिंडतंफिरतं राहायचं. असलं तर मात्र ती साधी उसण नव्हे.

तुळसाला ते झोंबलं. आता सून मला पाठी शिकवणार, असं म्हणून तिने तव्यावरची भाकरी जरा जास्तच जोरात उलटली. पण ऐकलेलं ऐकलं गेलं होतं.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर धाकूची पाठ दुखायला लागली. धाकू घरामागच्या तुकड्यात भेंडी-वांगी लावायचा, तेव्हा कुदळ मारताना काही झालं असेल असं सगळ्यांनीच धरलं. रविवारी तोही इतरांसारखा रांगेत उभा राहिला, तुळसाने पाय लावला आणि तो मोठ्याने म्हणाला, "बरा वाटतंय." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. दिवाळी गेली, थंडी पडली, धाकू रांगेत होताच आणि त्याला दर वेळी बरंच वाटत होतं.

मितेश म्हणाला, बाबा, चला एकदा योगिनीच्या डॉक्टरांकडे. धाकू खवळला. "मना कय झालाय? घरान पायालू बायको असताना मी डाक्टरकडं कनाला जाऊ? लोकं तिचे तोंडावर हसतील." त्याच्या दृष्टीने विषय संपला.

तुळसाने हे आतून ऐकलं आणि तिला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. नवऱ्याने चारचौघांत आपला मान ठेवला की कोणत्या बाईला वाईट वाटतं? पण त्याच दिवशी अंथरूण आवरताना धाकूची उशी तिच्या हाताला घामाने ओली लागली. बाहेर कडक थंडी. संध्याकाळी त्याचं अंग कोमट लागायचं. पायजम्याची नाडी त्याने आणखी ओढून बांधली होती, तरी पायजमा खाली घसरत होता. आणि झोप तर तो भिंतीला टेकून बसूनच काढत होता. सुनेने सांगितलेली एक एक गोष्ट तिच्यासमोर येऊन उभी राहिली. ती घाबरली. तरी चार दिवस ती कोणाला काही बोलली नाही. बोलायचं म्हणजे आपण चुकलो असं बोलायचं, आणि ते तिला आजवर करावं लागलं नव्हतं.

रविवार उजाडला. ओट्यावर पाच-सहा माणसं होती. धाकू वाकून उभा राहिला. तुळसाने पाऊल टेकवलं, आज पहिल्यांदाच नीट लक्ष देऊन. उसणीची पाठ तिला पायाने कळायची. कण्याच्या बाजूचे स्नायू दगडासारखे घट्ट झालेले असतात. इथे ते तसे नव्हते. दुखत होतं ते नेमकं मधल्या हाडावर. तिथे जरासा उंचवटा होता, आणि पाऊल नुसतं टेकताच धाकूचं सगळं अंग शहारलं. त्याने दात आवळले आणि म्हणाला, "बरा वाटतंय, तुलसे."

तुळसाने पाय खाली घेतला.

"मी नाय मारनार," ती म्हणाली.

"अगं, लोकं थांबलीत."

"थांबू दे." ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "ही उसन नाय. माझे पायानी ही बरी होनार नाय, आनि तुमाला बरा वाटत नाय ते मना ठाव हाय. माझे नावासाठी खोटा बोलू नका. माझे पायात कय बी नाय. उठा, डाक्टरकडं जावाचा."

कमरेला हात लावून बसलेला एक जण हळूच उठून निघून गेला. धाकू रागाने लाल झाला, मग तिच्याकडे बघत राहिला, आणि कितीतरी दिवसांनी खरं बोलला. "लय दुखतंय गं," तो म्हणाला. "पाय बी जड झालेत."

योगिनीने तेवढ्यात रिक्षा बोलावली होती.

ठाण्याला एमआरआय झाला. कण्याचा टीबी निघाला. छातीचा टीबी सगळ्यांना माहीत, तो पाठीच्या हाडातही होतो हे धाकूच्या गावीही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, आणखी उशीर झाला असता तर पाय गेले असते. आता लांबलचक औषधं, काही महिने कमरेला पट्टा, आणि एकही गोळी चुकवायची नाही. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळाल्या. धाकू तोंड वाकडं करून त्या गिळायचा आणि तुळसा तो तोंड उघडून दाखवेपर्यंत समोरून हलायची नाही.

धाकू हळूहळू सुधारला. ताप गेला, अंगावर मांस धरलं. पण रविवारचा ओटा रिकामा झाला. पायाळूच म्हणाली, माझ्या पायात काही नाही, मग येणार कोण? तुळसा सवयीने सकाळी ओटा झाडायची आणि पायरीवर बसून राहायची. तिला फार वाईट वाटायचं. केलं ते बरोबर होतं, तरी वाईट वाटायचंच.

वर्ष उलटून गेल्यावर एका रविवारी टेम्पोवाला कुंडलिक कमरेवर हात ठेवून, वाकडा चालत आला.

"माझेकडं कनाला आयलास?" तुळसा म्हणाली.

"काकी, धाकूदादाचा तूच ओलखलास ना," तो म्हणाला. घाबरलेला दिसत होता. "माझा बी तसाच हाय का, ते बघ."

तुळसाने त्याला बसवलं आणि विचारत गेली. काल फ्रीज उचलताना कळ आली होती. आडवं झाल्यावर बरं वाटत होतं. ताप नाही, पायात मुंग्या नाहीत, लघवी ठीक, वजन तर चांगलंच वाढलेलं.

"मग घाबरू नको. अंथरून धरून बसू नको, चालत राहा. शेक घे. आठ दिवस जड उचलू नको. उतार नाय पडला, नायतर पायात मुंग्या आल्या, तर मना विचाराला येऊ नको, सरल डाक्टरकडं जा."

कुंडलिकचा चेहरा सैल झाला. तो उठला, चप्पल घातली, पुन्हा काढली. "आनि लाथ?" त्याने लाजत विचारलं.

तुळसा खळखळून हसली. कुंडलिक भिंतीला हात लावून वाकला. वर्षभरात सवय मोडली होती आणि वयही वाढलं होतं. एक पाय उचलताच तिचा तोल जायला लागला. तेवढ्यात आतून धाकू आला आणि तिच्या बाजूला उभा राहिला. तुळसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आधी जपून, मग सगळा भार टाकला. धाकू ताठ उभा होता.