शैलावहिनीच्या खोलीतलं ऑफिस

असीरगढाखालच्या गावातल्या शाळेत मी विज्ञान शिकवते. त्या दिवशी मधली सुटी व्हायच्या आतच निघाले होते, कारण सकाळी दादाचा फोन आला होता, ‘शैलाला श्वास घ्यायला त्रास होतोय, जमलं तर ये.’ बस नेमकी रखडत होती. पुढे केळीचे ट्रक, मागे केळीचे ट्रक, आणि मी मनातल्या मनात ड्रायव्हरला बोल लावत बसलेली. बुऱ्हाणपूर जवळ आलं तेव्हा पुन्हा फोन वाजला. दादा म्हणाला, ‘मीना, आता घाई करू नकोस.’ एवढंच... मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन पर्समध्ये ठेवला. शेजारच्या बाईनं विचारलं, ‘काय झालं?’ तर मी तिला म्हटलं, ‘काही नाही, वहिनीचा फोन होता.’ असं का म्हटलं, मला अजून कळलेलं नाही.

शैलावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन बुऱ्हाणपुरात, आमच्या राजपुऱ्यातल्या घरी आली तेव्हा मला ‘वन्सं’ म्हणायची. ते मी आठवड्याच्या आत बंद पाडलं. मी लग्न केलं नाही, त्यामुळे आम्ही दोघी त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात भांडत राहिलो. ती मला ‘सायन्सच्या बाई’ म्हणून चिडवायची, कारण माझ्या हातचं वरण दर वेळी नवीन प्रयोग असायचं. अस्तराचं कापड बनवणाऱ्या इथल्या एका कारखान्याच्या ऑफिसात ती पत्रव्यवहार बघत होती. लग्नाच्या आधीपासून. पत्रं गेली, फॅक्स आला, फॅक्स गेला, मेल आलं... वहिनी तिथंच. व्यापारी भडकले की शेठ म्हणायचे, ‘शैलाबाईंना उत्तर लिहू द्या,’ आणि ती असं काही लिहायची की समोरचा भांडण विसरून पुढची ऑर्डर देऊन मोकळा व्हायचा.

मग तिला कॅन्सर झाला आणि तो पाठीच्या मणक्यापर्यंत पोचला. बसवेना, जिना उतरवेना. शेठ स्वतः घरी येऊन गेले. माणूस वाईट नाही, पण जाताना म्हणाले, ‘तुम्ही आता निवांत आराम करा, तुमच्या जागी एक मुलगी घेतली आहे.’ त्यांना वाटलं, आपण धीर दिला. ते गेल्यावर वहिनी बराच वेळ पंख्याकडे बघत पडली होती. मी विचारलं, दुखतंय का? ‘दुखतं ते रोजचंच आहे,’ ती म्हणाली. ‘पण खुर्ची इतक्या लवकर भरली गं, मीना.’

तेव्हा मी मनावर घेतलं. दादाचा जुना कॉम्प्युटर तिच्या पलंगाशी आणला आणि त्यावर मेलचा प्रोग्राम टाकला. फोनवरची बारीक अक्षरं तिला दिसत नव्हती, आणि आमच्याकडचं नेट कधी जाईल याचा नेम नाही. हा प्रोग्राम मेल आपल्या मशीनवर उतरवून ठेवतो, म्हणजे नेट गेलं तरी वाचता येतं. शेठनी ऑफिसच्या मेलचा पासवर्ड दिला, जरा संकोचतच. मी सर्व्हरचं नाव घातलं, पोर्टचा आकडा घातला. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा मेल धबाधब येऊ लागले. वहिनी उशीला टेकून बघत होती. ‘अगंबाई, सगळे मलाच लिहून राहिले की काय!’ असं म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली. मला तर विज्ञानाचा एखादा मोठा शोध लावल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून हिशेब बघणारे चौधरीकाका फोनवर. ‘मॅडम, इकडं मेलच नाही येऊन राहिले. तुमच्याकडे काही दिसतं का?’ वहिनीकडे सगळंच दिसत होतं. त्या अख्ख्या ऑफिसचा मेलचा पत्ता एकच. ऑर्डर, तक्रारी, बिलं, सगळं त्यावरच. ऑफिसात सगळे मेल पुरवणाऱ्या कंपनीला दोष देत होते. तासाभरात चौधरीकाका पेनड्राइव्ह घेऊन आमचा जिना चढले. दुपारी माल पाठवणारे अन्सारीभाई आले. त्यांच्या मागोमाग ती नवीन मुलगी पायल, दारातच घुटमळत उभी. वहिनीनं पलंगावर हात थोपटून तिला जवळ बसवून घेतलं. ‘ये गं. सुरतवाल्याचं मेल आहे, रागावलाय. कसं उत्तर द्यायचं ते बघ.’

ती मेल नुसतं वाचायची नाही. सुरतवाल्याचं मेल त्याच्या तोऱ्यात, इंदूरवाल्याचं त्याच्या रडक्या सुरात. अन्सारीभाई तर तोंडावर रुमाल धरून हसत. ‘मॅडम, ऑफिसात होतो तेव्हा ये सब कभी नहीं सुनाया आपने!’ वहिनी म्हणाली, ‘तेव्हा काम होतं ना वो भाऊ, वेळ कुठं होता?’ स्वयंपाकघरातल्या खुर्च्या तिच्या खोलीत गेल्या त्या तिथंच राहिल्या. मी शाळेतून यायचे तेव्हा खोलीत बशीतला चहा, कापडाचे नमुने आणि वाद. ती सकाळी वेणी घालून मागायची, बरी साडी नेसवायला सांगायची. डॉक्टरांनी औषध बदललेलं नव्हतं, तरी चेहरा बदलला होता.

आणि मग मला माझी चूक सापडली. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये एक चौकोन होता: मेल उतरवल्यावर सर्व्हरवर प्रत ठेवायची का? त्यात खूण करायची राहिली होती. म्हणजे आमचं मशीन दर थोड्या वेळानं ऑफिसचे मेल ओढून घेत होतं आणि तिकडे काहीच शिल्लक ठेवत नव्हतं. मला हसू आवरेना. ‘वहिनी, तुझं अख्खं ऑफिस मी पळवून आणलंय गं!’ असं म्हणत मी माउस हातात घेतला. तिनं माझं मनगट धरलं. बोटांत जोर नव्हता, पण धरलं. ‘उद्या कर ना...’ ती म्हणाली. ‘आजचा दिवस राहू दे.’

मी माउस सोडला. सोडायलाच हवा होता असं मी आजही म्हणते.

दुसऱ्या सकाळी वेणी घालायच्या आधी तिनंच विषय काढला. ‘कर गं ते. लोकांचा धंदा आहे, माझ्या पलंगाशी कसा बांधून ठेवू?’ मी म्हटलं, ‘मग कोणी येणार नाही.’ ‘नाही तर नाही,’ ती म्हणाली, आणि भिंतीकडे बघितलं. मी त्या चौकोनात खूण केली; आता मेल दोन्हीकडे दिसणार होते. तिच्याकडच्या जुन्या मेलांच्या प्रती ऑफिसला परत पाठवल्या. चौधरीकाकांचा आनंदानं फोन आला, ‘चालू झालं हो!’ त्या दिवशी खुर्च्या रिकाम्या. संध्याकाळी तिनं चहाही घेतला नाही. मला शेठचा, चौधरीकाकांचा, त्या पायलचा, सगळ्यांचा इतका राग आला, की ती खूण पुन्हा काढून टाकावी आणि त्यांना बसू द्यावं ठणाणा करत असं वाटलं. वहिनीनं ते ओळखलं. ‘हात लावशील तर बघ,’ म्हणाली.

त्यानंतरच्या दुपारी जिन्यावर पावलं वाजली. अन्सारीभाई. हातात ना कागद, ना पेनड्राइव्ह. वहिनी एकदम उठायला बघू लागली. ‘पुन्हा बंद पडलं का भाऊ?’ ते खुर्ची ओढून बसले. ‘नाही मॅडम, मेल तं धडाधड येऊन राहिले. पायलनी वाचून बी दाखवले.’ मग म्हणाले, ‘पर वो बात नहीं, तुमच्यासारखी मजा नाही. सुरतवाल्याचं मेल आलं आहे, तुम्ही वाचा ना एकदा.’ वहिनीनं मशीनकडे तोंड केलं. मग तिनं सुरतवाल्याच्या तोऱ्यात वाचायला सुरुवात केली. मी चहा टाकायला आत गेले आणि गॅस न पेटवता तशीच उभी राहिले.

त्यानंतर ती अडीच-तीन महिने होती. कोणी रोज येत नव्हतं, पण कोणी ना कोणी येत होतं. पायल तर सुटीच्या दिवशी यायची आणि वहिनी तिच्याकडून पत्रांचे मसुदे पुन्हा पुन्हा खोडून घ्यायची. शेवटी शेवटी वहिनीला स्क्रीनकडे बघवेना, तेव्हा पायल वाचायची आणि वहिनी डोळे मिटून ‘असं नाही, जरा चढ्या आवाजात’ म्हणायची.

आता कॉम्प्युटर बंद आहे. तेरावं झाल्यावर ऑफिसचं खातं मी त्यावरून काढून टाकलं. ज्याचं काम नाही त्याच्या घरात दुसऱ्याचे मेल येत राहणं बरं नाही. खोलीतल्या खुर्च्या मात्र अजून स्वयंपाकघरात परत गेलेल्या नाहीत. दादा तिथंच पेपर वाचतो आणि जन्मात कधी केला नाही तो चहा आता करतो. भलता गोड.

परवा मी शाळेतून आले तर तो चहा समोर घेऊन चौधरीकाका बसले होते. शेजारी दादा पेपर उघडून. मी विचारलं, ‘काका, काही काम होतं?’ ते ओशाळल्यासारखे उठू लागले. ‘काम काही नाही ना बाई. इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावून जावं.’

त्यांचं ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि घर त्याच्याही पलीकडे. आमच्या घरावरून त्यांचा रस्ता जात नाही.