लॅपटॉपची साथ

रविवार सकाळ, जळगाव. तालमीला हजर: व्हायोलिन वाजवणाऱ्या अक्का, तबलजी, व्यवस्थेला मी आणि ज्यांची रचना बसवतोय ते आमचे धुळ्याचे भाऊ.

भाऊ दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले. तिथल्या यंत्रांची घरघर, संगणकावर घडवलेले सूर आणि त्यांच्याबरोबर व्हायोलिन, अशी त्यांची रचना. लॅपटॉप उघडण्याआधी ते चपला काढतात. काहीही विचारा, उत्तर एकच: "बठ्ठं बराबर शे." सगळं ठीक आहे.

त्या दिवशी मात्र अक्कांनी गज खाली ठेवला. "भाऊ, मला आलाप लांबवावासा वाटला, तर तुमचं यंत्र थांबतं का? त्याच्यामागे धावायला मी नाही यायची. दुसरं कुणी बघा."

कार्यक्रम आठवड्यावर आला होता. अक्का गेल्या असत्या, तर रचनाही गेली असती.

भाऊंनी वाद घातला नाही. महिनोन्‌महिने खपून केलेलं सलग ध्वनिमुद्रण त्यांनी तिथंच बसून तोडलं. मग लॅपटॉपच्या एकेका कळीवर एकेक तुकडा बोटाखाली घेऊन, पेटीवाला गायकाकडे पाहतो तसे ते अक्कांकडे पाहत राहिले. अक्का सुरावर रेंगाळल्या की घरघरही रेंगाळायची. त्या निघाल्या की मागोमाग निघायची.

"आता कसं माणसासारखं वागतंय," अक्का म्हणाल्या.

"यंत्र की भाऊ?" तबलजींनी विचारलं. भाऊच आधी हसले.

आता साथ करायची तर भाऊंना अक्कांचा हात दिसायला हवा, म्हणजे मंचावर त्यांच्या शेजारी बसायला हवं. भाऊ म्हणतात, "मी आपला पडद्यामागेच बरा." बाकी सगळी कामं झाली आहेत. भाऊंना मंचावर बसवायचं तेवढं राहिलंय.